घुमटावर रॅप, आणि तुमची बाकीची पत्रं

गेल्या अंकात ह्या सदरात मी गिल स्कॉट-हेरन ह्या अमेरिकन कवी-गायकावर चार ओळी लिहिल्या होत्या, म्हणजे कविता बोलणं, हिपहॉप आणि मातीतलं जुनं गाणं हे तिन्ही एकत्र आणणारा माणूस म्हणून, आणि शेवटी जाता जाता म्हटलं होतं की गोव्यातल्या कुणीतरी घुमट, म्हणजे मडक्यावर कातडं ताणून केलेलं तिथलं वाद्य, घेऊन असं काही करून बघावं. त्यावर एवढी पत्रं आली की ह्या वेळी दुसरा विषयच घेता येणार नाही. निम्म्याहून जास्त गोव्यातूनच आहेत. काही प्रेमाची, एक चांगलंच रागाचं. सगळी छापायला जागा नाही, पण ज्यात खरं काही विचारलंय ती घेतो.

प्रश्न: माझा मुलगा बारावीला आहे. दिवसभर हेडफोन लावून त्या स्कॉट-हेरनचंच ऐकत असतो. मी पण ऐकलं. तो माणूस गात नाही, बोलतोच आहे, मागे नुसते ढोल. ह्याला संगीत म्हणायचं का? (एक आई, म्हापसा)

उत्तर: ताई, मुलाला ओरडायच्या आधी तुम्ही स्वतः ऐकलंत हे फार आवडलं. आणि तुमच्या कानांनी बरोबर पकडलंय, तो पुष्कळदा बोलतोच. मूळचा कवीच तो, 1970 साली त्याची पहिली रेकॉर्ड आली त्याच वर्षी त्याची कादंबरीही आली होती, वय 21. त्या रेकॉर्डवर बराच वेळ त्याचा आवाज आणि सोबत कोंगा, म्हणजे हाताने वाजवायचे उंच ढोल, एवढंच आहे. पण आता एक करा. त्यातली क्रांती आणि टीव्हीवरची जी गाजलेली कविता आहे तीच त्याने 1971 ला परत रेकॉर्ड केली, तेव्हा बास ह्या खालच्या सुरांच्या वाद्यावर रॉन कार्टर आणि बासरीवर ह्यूबर्ट लॉज. मुलाला सांगा दोन्ही लागोपाठ लाव. पहिल्यात शब्द कोंग्यांना ढकलत पुढे जातात, दम खायला जागा नाही, सभेत उभं राहून बोलल्यासारखं. दुसऱ्यात बास एकच चाल धरून बसलाय आणि हा मागे रेलून बोलतो, त्याच्या बोलण्याभोवती बासरी फिरत राहते. शब्द जवळपास तेच, अर्थही तोच, तरी अंगावर येतात ते वेगळे. हा जो फरक तुम्हाला ऐकू येईल ना, तोच संगीत.

आणि तुम्ही म्हापश्याच्या, तुम्ही कीर्तन ऐकलेलं असणारच. आख्यान रंगात आलं की बुवा बोलता बोलता कधी तालात शिरतात कळत नाही, तबला पेटी चालूच असते, तिथे कुणी उठून विचारत नाही की हे गाणं आहे का भाषण. अमृतरायांचे कटाव ऐका, अठराव्या शतकातले, अनुप्रासावर अनुप्रास आणि असा वेग की म्हणणाऱ्याची जीभ वळली नाही तर संपलं. एकनाथांची भारुडं तर बोलून, नाचून, सोंग घेऊनच सांगायची. आपल्याकडे ही वाट चांगली मळलेली आहे, फक्त आपण तिला देवळाच्या सभामंडपात ठेवलं आणि मुलांच्या हेडफोनमध्ये ती न्यूयॉर्कहून आली.

आता रूट्स म्हणजे मुळांचं काय, तर स्कॉट-हेरनला लहानपणी त्याच्या आजीने टेनेसीतल्या जॅक्सन गावात वाढवलं, तिथे चर्चची गाणी आणि ब्लूज हे त्याच्या कानावर पडत राहिलं. मग न्यूयॉर्क. आणि शेवटी 2010 ला, वारायच्या जेमतेम वर्षभर आधी, रिचर्ड रसेल ह्या निर्मात्याबरोबर त्याने जो अल्बम केला तो अर्ध्या तासाचाही नाही, पण त्यात आजीच्या आठवणीची कविता आहे, 1930 च्या दशकातल्या रॉबर्ट जॉन्सनचं ब्लूज आहे आणि खाली सगळे इलेक्ट्रॉनिक, खरखरीत, थंड बीट्स. आवाज पार थकलेला, चिरलेला. मला विचाराल तर ह्या तीन गोष्टी एकत्र आणणं म्हणजे काय हे समजायला ह्याहून चांगली रेकॉर्ड नाही, कारण त्यात जुनं गाणं सजावटीला ठेवलेलं नाही, तो माणूसच त्या गाण्यातून आलाय हे दर ओळीला कळतं. मुलाबरोबर बसून तीही ऐका.

प्रश्न: मी मराठीत रॅप लिहितो. माझा मित्र चवथीला (गणेश चतुर्थीला) आरती मंडळात घुमट वाजवतो. नेटवरून एक बीट घेतला, त्यावर त्याचं घुमट मोबाईलवर रेकॉर्ड करून लावलं, पण ते बसतच नाही. डबा बडवल्यासारखं वाटतं. फाईल पाठवतोय, काय चुकतंय सांगा. (कॉलेज विद्यार्थी, फोंडा)

उत्तर: फाईल चार-पाच वेळा ऐकली. पहिली गोष्ट, तुझा मित्र चांगला वाजवतो आणि म्हणूनच ते बसत नाहीये. आरतीत लय एका जागी कुठे राहते? संथ सुरू होते, मग चढत चढत शेवटी कांसाळ्यांचा, म्हणजे झांजांचा, कडकडाट. त्याच्या हातात ती चढण मुरलेली आहे, आणि तू त्याला एका मशीनच्या बीटवर बसवतोयस जो शेवटपर्यंत एका केसाने हलत नाही. दोन कडव्यांनंतर तो पुढे गेलाय आणि बीट मागे राहिलाय, स्पष्ट ऐकू येतं.

तो नेटवरचा बीट काढून टाक, सरळ. तू आणि मित्र एका खोलीत बसा, क्लिक (कानात वाजणारा मशीनचा ठोका) नको, हेडफोन नको, तो वाजवेल आणि तू त्याच्याकडे बघत बोल. तो चढला की तू चढ. नंतर कॉम्प्युटरवर त्याच्या ठोक्यांप्रमाणे टेम्पोचा नकाशा बनवता येतो, हल्लीच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ती सोय असते, आणि मग काय बास-बीस टाकायचा तो त्या नकाशावर टाक. म्हणजे मशीन माणसाच्या मागून चालेल. मशीनच्या मागून माणसाला पळवलंस तर घुमटातला जीवच जातो रे.

दुसरं, माईक. घुमटाला दोन तोंडं. मोठ्या तोंडावर कातडं, त्यावर उजव्या हाताची बोटं. दुसरं लहान तोंड उघडं, त्यावर डावा तळवा, आणि खरी मजा त्या तळव्यात आहे, तो किती झाकतो किती उघडतो त्यावर घुमारा खालीवर होतो, आवाज अक्षरशः ऊं-आं करत बोलतो. तू मोबाईल कातड्यासमोर धरलास, त्यामुळे तुला नुसती बोटांची टकटक मिळाली आणि मडक्याच्या पोटातला आवाज मागच्या बाजूने निघून गेला. म्हणून डबा. दोन माईक लागतील, एक कातड्याकडे आणि एक उघड्या तोंडाकडे, वीतभर लांब, जरा तिरका, म्हणजे त्याच्या तळव्याच्या आड येणार नाही. आणि मग एक महत्त्वाचं काम, दोनांपैकी एका ट्रॅकचा फेज, म्हणजे आवाजाच्या लाटेची दिशा, उलटा करून बघ. कातडं आत जातं तेव्हा मागच्या तोंडातून हवा बाहेर येते, त्यामुळे दोन्ही माईक एकमेकांचा खालचा आवाज खाऊन टाकण्याची शक्यता भरपूर. ज्या बाजूला बास भरून येईल ती बाजू ठेव. घुमट तयार करणाऱ्याने मडकं भाजून कातडं ताणून जे केलंय ते तुला तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकू येईल.

तिसरं म्हणजे त्याच्यावर परत 808 ह्या ड्रम मशीनचा मोठा किक, म्हणजे खालचा जड ठोका, टाकू नकोस. दोघं एकाच खालच्या पट्टीत बसतात आणि मग दोघांचाही चिखल. घुमट असेल तिथे घुमटच किक. अगदीच हवा असेल तर घुमट थांबतं तिथे तो आण, मग बघ कसा दणका बसतो. वरचा भाग शामेळाच्या (काठ्यांनी वाजवायच्या ढोलाच्या) काठ्यांना दे, हाय-हॅटची, म्हणजे ड्रममधल्या झांजांची, गरज पडणार नाही.

आणि पावसात रेकॉर्ड करत असाल तर कातडं सैल पडतं, आधी जरा शेक द्या, मित्राला माहीत असेलच.

तुझ्या शब्दांबद्दल नंतर सविस्तर लिहीन, एकच सांगतो, तू सगळ्या जागा भरून टाकतोयस. घुमट बोलतं तेव्हा तू गप्प बस. आणि हे जमलं की दुलपद ह्या गोव्यातल्या गाण्याची लय घेऊन बघ, 6/8 ची, म्हणजे सहाच्या मापाची, तिथे तुझी चार-चारच्या मापात लिहायची सवय मोडेल आणि ओळी आपोआप वेगळ्या सुचायला लागतील.

प्रश्न: आम्ही चवथीला देवापुढे घुमट वाजवतो. हल्ली पार्ट्यांत कॉम्प्युटरवर घुमटाचा आवाज लावून त्यावर शिव्या घालतात. तुमच्यासारख्यांनी ह्याला प्रोत्साहन द्यावं ह्याचं वाईट वाटतं. परंपरा अशीच बुडते. (एक भजनी बुवा, डिचोली)

उत्तर: बुवा, तुमचा राग मी पूर्ण वाचला आणि त्यातला अर्धा माझाही आहे.

ज्या अर्ध्यावर माझं मत वेगळं आहे ते आधी सांगतो. घुमट कधी एकाच घरात राहिलं नाही. तुमच्या आरतीत आहे, तसंच ख्रिस्ती घरांत मांडो हे गाणं चालतं तेव्हा व्हायोलिनच्या शेजारी बसतं. शिगम्यात आहे. आणि चवथीला तुम्ही ज्या आरत्या म्हणता त्यांचे शब्द मराठी आणि आरती संपल्यावर प्रसाद वाटताना बोलणं कोंकणी, हेही मिश्रणच ना, पिढ्यान् पिढ्यांचं. कातडं सुद्धा बदललं. पूर्वी घोरपडीचं असायचं, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, म्हणून आता बकऱ्याचं लावतात, जुने वादक म्हणतात आवाजात फरक पडला, पडला असेल, पण वाद्य टिकलं आणि 2019 ला गोवा सरकारने त्याला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. बकऱ्याच्या कातड्याने बुडालं नाही ते एका पोराच्या कवितेने बुडेल असं मला वाटत नाही.

पण तुमचा दुसरा मुद्दा अगदी खरा. कुणाच्या तरी हातातलं चार सेकंदांचं वादन उचलायचं, गोल गोल फिरवत ठेवायचं आणि ज्याने वाजवलं त्याचं नाव नाही, त्याला पैसे नाहीत, त्याला पत्ताही नाही, ही चोरी आहे. हिपहॉपमध्येही ह्यावर कोर्टकज्जे झालेत, 1991 मध्ये बिझ मार्की ह्या रॅपरच्या विरोधात न्यूयॉर्कच्या कोर्टाने निकाल दिला आणि त्यानंतर मोठ्या कंपन्या सॅम्पलची, म्हणजे असा तुकडा वापरायची, परवानगी घेतल्याशिवाय रेकॉर्ड बाहेर काढायला घाबरायला लागल्या. म्हणून मी वरच्या फोंड्याच्या मुलाला सांगितलं की मित्राला खोलीत बसव. वादक समोर असला की त्याचा मान आपोआप राहतो, आणि देवापुढचा ताल कुठे वाजवायचा नाही हेही तोच सांगतो. शिव्यांबद्दल म्हणाल तर दहातल्या नऊ ठिकाणी मला तो आळस वाटतो, शब्द सुचला नाही म्हणून घातलेली शिवी लगेच ऐकू येते.

एक विनंती करतो, रागावू नका. असा एखादा मुलगा तुमच्याकडे शिकायला आला तर त्याला परत पाठवू नका.

प्रश्न: माझी आजी धालोची गाणी म्हणते. मोबाईलवर रेकॉर्ड केली आहेत. माझ्या स्पोकन वर्डच्या, म्हणजे बोलून सादर करायच्या कवितेच्या, मागे तिचा आवाज लावायचा आहे. कायद्याने चालेल का? (काणकोण)

उत्तर: कायद्याचं थोडक्यात. परंपरेने आलेल्या गाण्याच्या चालीवर आणि शब्दांवर कुणा एकाचा कॉपीराइट नसतो. पण रेकॉर्डिंगवर असतो, आपल्याकडे प्रसिद्ध झालेल्या रेकॉर्डिंगला 60 वर्षं. रेकॉर्डिंग तू केलंस, म्हणजे ते तुझं, पण गाणारी आजी आहे आणि कलाकार म्हणून तिचा स्वतंत्र हक्क कायद्यात आहे, 50 वर्षांचा. तेव्हा आजीकडून साध्या कागदावर लिहून घे, काय वापरणार, कुठे वापरणार, पैसे आले तर तिचे किती. घरातलं माणूस आहे म्हणून सोडून देऊ नकोस. उलट घरातलंच माणूस आहे म्हणून कर.

कायद्यापलीकडचं जास्त महत्त्वाचं आहे. धालो पौषातल्या रात्री मांडावर बायका समोरासमोर दोन रांगा करून म्हणतात, आणि मांड म्हणजे नुसतं अंगण नाही, त्याचे नियम असतात. कुठलं गाणं मांडाबाहेर म्हटलेलं चालतं आणि कुठलं नाही हे आजीला विचार, आणि एकट्या आजीलाच नको, तिच्याबरोबर म्हणणाऱ्या बायकांनाही विचार. नाही म्हणाल्या तर ते गाणं सोड. दुसरं देतील, बघच.

अमेरिकेत ॲलन लोमॅक्सने खेडोपाडी फिरून लोकांचं गाणं रेकॉर्ड करून ठेवलं होतं, त्यातलं अलाबामाच्या व्हेरा हॉल ह्या बाईचं गाणं मोबी ह्या संगीतकाराने 1999 च्या अल्बममध्ये बीटवर चढवलं आणि जगभर वाजलं. सुंदर आहे, मी नाही म्हणत नाही. पण व्हेरा हॉल 1964 लाच वारली होती. तिला विचारणारं कुणी नव्हतं आणि तिला ते ऐकायलाही मिळालं नाही. तुझी आजी आहे. आधी तिला बसवून ऐकव, मग काय म्हणते ते पण रेकॉर्ड कर, कदाचित तेच तुझ्या कवितेत सगळ्यात चांगलं निघेल.

प्रश्न: मराठीत रॅप लिहिताना यमक फार बाळबोध होतं. सगळं 'आहे'-'नाही' वर संपतं. कोंकणीत लिहू का? माझ्या ओळी: 'गाव माझा आहे, रस्ता लाल आहे, ट्रक चालू आहे, श्वास बंद आहे.' (सांगे)

उत्तर: कोंकणीत जरूर लिही, पण पळून जायला म्हणून नको, क्रियापद तिथेही शेवटीच येतं. बोरीचे कवी बाकीबाब बोरकर दोन्ही भाषांत लिहायचे, तेव्हा निवड करायलाच हवी असंही नाही. आजीशी ज्या भाषेत बोलतोस तिच्यात आजी येऊ दे आणि शाळेत वर्तमानपत्रात जी भाषा वाचलीस तिच्यात बाकीचं, एकाच कवितेत दोन्ही आली तरी गोव्यात कुणाला अडखळायला होणार नाही.

तुझा त्रास यमकाचा नाहीच, 'आहे' ओळीच्या शेवटी बसून राहिलाय त्याचा आहे. त्याला काढला तरी मराठी वाक्य उभं राहतं. नाम शेवटी आण. आणि साचा हवा असेल तर घरातलाच घे, ज्ञानेश्वरांची ओवी, पहिल्या तीन चरणांना यमक आणि चौथा आखूड, मोकळा. तुझंच सामान घेऊन बघ:

ट्रकामागून ट्रक, रस्ता लाल,
आजीच्या खोकल्याला तोच ताल,
विहिरीच्या पाण्याचे तेच हाल,
रोज.

तो चौथा चरण बघ कसा पायरी चुकल्यासारखा येतो. तिथे बीट पण थांबव. तीन ओळी कान तयार करतात आणि चौथी त्याला फसवते, हे रॅपला इतकं बसतं की आपल्याकडे जास्त जणांनी का केलं नाही ह्याचं मला खरंच नवल वाटतं. अभंगाचं मोजमापही बघ, सहा, सहा, सहा, चार अक्षरं, यमक दुसऱ्या आणि तिसऱ्याला. महिनाभर ह्या दोन साच्यांत लिही आणि मोठ्याने म्हण, कागदावर नुसतं बघू नकोस. आणि तुझ्याकडे सांगण्यासारखं आहे हे त्या चार ओळींतूनही कळतं, लाल रस्ता आणि बंद श्वास तू स्वतः बघितलायस, तो सोडू नकोस.

प्रश्न: आम्ही चौघं आहोत, दोन घुमट, एक शामेळ, एक बोलणारी. क्लबवाले म्हणतात डीजे पाहिजे. कार्यक्रम करायचा कुठे? (मडगाव)

उत्तर: क्लबच्या मागे लागू नका, तिथे लोक शब्द ऐकायला येत नाहीत आणि तुमचं अर्धं काम शब्दांचं आहे. कॉलेजं, वाचनालयं, गावातली सांस्कृतिक मंडळं, जत्रेच्या दिवसांत नाटकाच्या आधीचा अर्धा तास मागून बघा, गोव्यात नाटकाला जेवढे लोक वेळेआधी येऊन खुर्च्या धरतात तेवढे तुम्हाला दुसरीकडे मिळायचे नाहीत, आणि ते मन लावून ऐकतात. उघड्यावर करत असाल तर रात्री 10 नंतर स्पीकर चालत नाही, म्हणून 8 च्या आत सुरू करा. घुमट-शामेळ छोट्या जागेत बिनामाईकचेही पुरतात, अशा ठिकाणी माईक फक्त बोलणारीला द्या आणि तिला वादकांच्या जरा पुढे उभी करा, नाहीतर त्याच माईकमध्ये शामेळ शिरेल आणि शब्द बुडतील. पहिला कार्यक्रम वीस मिनिटांचाच ठेवा. तारीख ठरली की कळवा, मी येतोय.